नामाचे वहिवाटदार

देवस्थानाच्या दप्तरात जमिनींचे उतारे असतात, दागिन्यांची यादी असते, चांदीच्या उपकरणांचे वजन असते. पालखीच्या गोंड्यांपर्यंत सर्व चीजवस्तूंची नोंद जुन्या कारभाऱ्यांनी काटेकोरपणे करून ठेविलेली असते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या पुष्कळ देवस्थानांनी, मठांनी आणि ज्ञातिसंस्थांनी एक नवी वस्तू संपादन केली आहे, आणि तिची नोंद या दप्तरात क्वचितच आढळते. ती वस्तू म्हणजे इंटरनेटवरील संस्थेचे नाव. रूढ भाषेत यास 'डोमेन नेम' असे म्हणतात. इंदूरचा, बडोद्याचा अथवा आखाती देशात नोकरीस असलेला कुळावी हे नाव उघडून उत्सवाची तिथी पाहतो, अभिषेकाची रक्कम पाठवितो आणि पावती मिळवितो. त्याच्या दृष्टीने हे नाव म्हणजे देवळाचा महाद्वारच होय.

हे नाव कोणाच्या मालकीचे? प्रश्न साधा दिसतो. परंतु कायदा शिकलेल्या माणसासही त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. याचे कारण या नावांच्या इतिहासात दडलेले आहे. तो इतिहास उणापुरा पन्नास वर्षांचा आहे. तथापि मालकी आणि विश्वस्तपणा यांमधील जो झगडा आपल्या देवस्थानांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, तोच त्यात पुन्हा एकदा घडलेला दिसतो. तो वाचकांपुढे मांडावा आणि त्यापासून आपणांस काय घेता येईल ते पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

महाजालावरील प्रत्येक संगणकास एक आकडी पत्ता असतो. यंत्रांस आकडे पुरतात. माणसांस नाव लागते. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने चालणारे 'आर्पानेट' हे जाळे लहान होते, आणि त्यातील नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेच्या माहिती-केंद्रात ठेविली जात असे. एलिझाबेथ फाइन्लर या विदुषी त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. कोणास नवे नाव हवे असेल तर त्याने केंद्रास कळवावयाचे, ते आधी कोणी घेतलेले नाही ना हे पाहून केंद्राने ते यादीत चढवावयाचे, आणि इतर सर्वांनी त्या यादीची प्रत अधूनमधून उतरून घ्यावयाची, असा शिरस्ता होता. गावकरीच्या कुळकर्ण्याच्या वहीचीच ही नवी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. फी नव्हती, वकील नव्हते, तंटेही नव्हते. कारण सर्व गावकरी एकमेकांस ओळखत होते.

परंतु गाव वाढले की एका वहीने भागत नाही. संगणकांची संख्या वाढली, यादी फुगली, आणि ताजी प्रत सर्वांकडे वेळेवर पोहोचेना. तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत काम करणारे पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली एक वेगळी रचना सुचविली. तिचे मर्म असे की, एक यादी नकोच. अधिकार पायरीपायरीने वाटून द्यावा. नाव उजवीकडून डावीकडे वाचावयाचे. सर्वांच्या मुळाशी एक मूळ-नोंद. तिला एवढेच ठाऊक की 'ऑर्ग' या विभागाची वही अमक्याकडे आणि 'इन' या विभागाची तमक्याकडे आहे. त्या वह्यांस एवढेच ठाऊक की त्यांच्या पोटातील अमुक नावाची माहिती कोणत्या संगणकावर मिळेल. सर्व काही जाणणारा येथे कोणीच नाही. पुढे कोणास विचारावे हे मात्र प्रत्येकास ठाऊक आहे. कायद्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही मुखत्यारपत्रांची एक साखळी आहे. आज कोट्यवधी नावे याच रचनेवर चालतात.

पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी या रचनेतील वरचे विभाग ठरविले. व्यापारास 'कॉम', शिक्षणास 'एज्यु', अमेरिकी शासनास 'गव्ह', सैन्यास 'मिल', इतर संस्थांस 'ऑर्ग', आणि प्रत्येक देशास त्याची दोन अक्षरे. 'कॉम'मधील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील 'सिम्बॉलिक्स' या संगणक बनविणाऱ्या कंपनीने नोंदविले. कंपनीचे वैभव पुढे ओसरले. नाव मात्र टिकले, आणि २००९ साली एका तिऱ्हाईत गुंतवणूकदाराने ते विकत घेतले. नाव धारण करणारा जातो आणि नाव उरते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

जॉन पोस्टेल यांच्याविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. दाढीधारी, साधा वेष करणारा हा विद्यापीठीय संशोधक जवळजवळ तीस वर्षे महाजालाच्या आकड्यांची आणि नावांची व्यवस्था पाहत होता. कोणत्या देशाचा विभाग कोणाच्या हाती द्यावयाचा याचा निर्णय प्रत्यक्षात त्यांच्याकडेच असे. भारताचा 'इन' हा विभाग ८ मे १९८९ रोजी नोंदला गेला, आणि त्याची व्यवस्था पुढे अनेक वर्षे मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने पाहिली. या सर्व वाटपामागे पोस्टेल यांचे जे तत्त्व होते ते त्यांनी मार्च १९९४ मध्ये एका छोट्या निवेदनात लिहून ठेविले. त्याचा आशय असा: ज्यास एखाद्या विभागाची व्यवस्था सोपविली तो त्या विभागाचा विश्वस्त होय, त्याचे उत्तरदायित्व आपल्या देशाशी आहे तसेच जगाशी आहे, येथे हक्काची आणि मालकीची भाषा अस्थानी असून जबाबदारीची आणि सेवेची भाषाच उचित आहे.

आमच्या वाचकांस हे तत्त्व नवे वाटणार नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात, देवता ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, ती जंगम वस्तू नव्हे, असे सांगितले. तेव्हापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून आपल्याकडे हीच समजूत आहे की मालमत्ता देवाची, आणि माणसाच्या हाती फक्त वहिवाट. गोव्यातील १९३३चा देवस्थानांचा कायदा असो, अथवा मुंबई राज्याचा १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा असो, दोहोंच्या मुळाशी हाच विचार आहे. महाजन आणि मुखत्यार येतात व जातात, देव राहतो. सातासमुद्रांपलीकडच्या एका अभियंत्यास, आपल्या धर्मशास्त्राची वा कायद्याची ओळख नसताना, नावांच्या बाबतीत हेच सुचावे याचे आम्हांस कौतुक वाटते.

परंतु तत्त्व कितीही थोर असले तरी पैसा आत शिरला की त्याची कसोटी लागते. १९९३ पासून नावांच्या नोंदणीचे काम अमेरिकी शासनाच्या कराराने 'नेटवर्क सोल्युशन्स' या खाजगी कंपनीकडे गेले होते. आरंभी नोंदणीस काही पडत नसे. सप्टेंबर १९९५ मध्ये दोन वर्षांस १०० डॉलर, आणि त्यानंतर दर वर्षास ५० डॉलर, अशी फी बसविण्यात आली. त्या एका निर्णयाने नावाचे स्वरूप पालटले. जे आजवर वहीतील नोंद होते ते मुदतीचे कूळ झाले; फी भरली तर राहील, न भरली तर जाईल. जो आधी येईल त्यास नाव मिळेल हा नियम पूर्वीचाच होता. आता त्या नियमाचा धंदा झाला. नामांकित कंपन्यांची, गावांची आणि माणसांची नावे आधीच नोंदवून ठेवावयाची आणि मागाहून खरा धनी आला म्हणजे त्याच्याकडून मोबदला उकळावयाचा, असा उद्योग सुरू झाला.

इकडे नावांच्या मुळावर कोणाचा अधिकार, हाच वाद पेटला होता. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ-नोंद सांभाळणाऱ्या बारा संगणकांपैकी आठांच्या चालकांस पत्र पाठवून कळविले की, मूळ-नोंदीची प्रत यापुढे कंपनीच्या संगणकावरून न घेता माझ्या संस्थेच्या संगणकावरून घ्यावी. आठांनी निमूटपणे ऐकले. जगात कोणास काही जाणवले नाही, कारण नावे दोन्हीकडे तीच होती. परंतु वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. शासनाने दटावताच, ही केवळ चाचणी होती असे सांगून पोस्टेल यांनी सर्व पूर्ववत केले. एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणारे आठ लोक, आणि त्या शब्दामागे एकही सहीचा कागद नाही, हे दृश्य मोठे विलक्षण होते. त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी कॅलिफोर्नियात 'आयकॅन' ही नफा न मिळविणारी संस्था नोंदली गेली आणि नावांची सर्वोच्च व्यवस्था तिजकडे आली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी पोस्टेल ५५व्या वर्षी निवर्तले. शब्दाचे युग संपले व कराराचे सुरू झाले. अमेरिकी शासनाने आपली देखरेख पुढे १ ऑक्टोबर २०१६ रोजी सोडली.

मग कराराच्या या युगात नाव ही मालमत्ता ठरली काय? अमेरिकेतील दोन न्यायालयांनी तीन वर्षांच्या अंतराने दोन उत्तरे दिली. क्रीडावस्त्रे बनविणाऱ्या 'अम्ब्रो' कंपनीस एका ऋणकोविरुद्ध हुकूमनामा मिळाला होता आणि त्याच्या ३८ नावांवर टाच आणून तिला वसुली करावयाची होती. २०००मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. ऋणकोपाशी जे आहे ते केवळ सेवा मिळविण्याचा करार आहे, त्यावर टाच येत नाही, असे म्हटले.

दुसरे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. १९९४ साली एका तरुणाने 'कॉम'मधील एक नाव फुकटात नोंदविले. ते कोणते, हे या पानावर सांगणे प्रशस्त नाही. बाजारात त्याची किंमत अफाट होती एवढे पुरे. पुढल्या वर्षी एका भामट्याने त्या तरुणाच्या कंपनीच्या नावाने बनावट पत्र तयार केले. त्यात, आम्ही या तरुणास काढून टाकले असून ते नाव आम्ही सोडीत आहोत, असा मजकूर होता. नोंदणी करणाऱ्या कंपनीने मूळ धारकास एका शब्दाने न विचारता नाव भामट्यास देऊन टाकले! तरुणाने वर्षानुवर्षे भांडून नाव परत मिळविले. भामट्याविरुद्ध साडेसहा कोटी डॉलरांचा हुकूमनामाही झाला, पण तो देशाबाहेर पसार झाला. तेव्हा तरुणाने नोंदणी-कंपनीस जबाबदार धरले. २००३ साली कॅलिफोर्नियातील संघीय अपील न्यायालयाने दिलेला निर्णय कायद्याच्या अभ्यासकाने चवीने वाचावा असा आहे. तरुणाने मोबदला दिला नव्हता, सबब कंपनीशी त्याचा करार झालेला नाही; परंतु नाव ही त्याची मालमत्ता होती, आणि दुसऱ्याची मालमत्ता भलत्याच्या हवाली करणाऱ्यास जाब द्यावाच लागेल, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे करार नसतानाही मालमत्ता असू शकते. आमच्या मते या निर्णयाचा खरा बोध वेगळाच आहे. वहीत नाव कोणाचे आहे आणि ते बदलावयाचा अधिकार कोणास आहे, याची राखण ज्याने केली नाही त्याचे सर्वस्व एका खोट्या पत्राने जाऊ शकते.

आपल्या देशातील न्यायालयांनी मधला मार्ग धरिला. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या प्रकरणात 'रॅडिफ' या नावास मनाई केली. ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे कंपनीच्या दाव्यात या विषयाचा साकल्याने विचार केला. वादीचे नाव 'सिफी'. प्रतिवादीने एक अक्षर वाढवून जवळजवळ तेच नाव नोंदविले होते. डोमेन-नावांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. तरीसुद्धा हे नाव आता नुसता पत्ता राहिलेले नसून धंद्याची ओळख झाले आहे, म्हणून दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपविण्याविरुद्ध जे संरक्षण व्यापारचिन्हास मिळते ते यासही मिळेल, असा निर्णय झाला. २००५ साली 'इन' विभागाची नोंदणी सर्वांस खुली झाली, आणि त्यातील तंट्यांसाठी लवादाची स्वतंत्र व्यवस्थाही झाली. १९९९च्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार, नाव दुष्ट हेतूने नोंदविले आणि दुष्ट हेतूने वापरले, या दोन्ही गोष्टी तक्रारदारास सिद्ध कराव्या लागतात. 'इन'च्या नियमात यांपैकी एक पुरते, आणि व्यापारचिन्ह नसले तरी केवळ नावावरील हक्कही चालतो. ज्या संस्थेने आपल्या देवाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याची कल्पनाही केली नसेल, तिच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी 'भारत' हा विभाग देवनागरीत खुला झाला. मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांस त्यात आरंभापासून स्थान मिळाले. यंत्राच्या पोटात ही देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक मालिकेत रूपांतरित होतात. परंतु वाचणाऱ्यास आपल्या गावाचे व देवाचे नाव आपल्याच लिपीत दिसते. लिपीच्या वादात ज्यांची उमेद खर्ची पडली त्या गोमंतकीयांस याचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता शेवटचे आणि आपणांस सर्वांत निकटचे प्रकरण. पुष्कळ धर्मसंस्था 'ऑर्ग' विभागात नाव घेतात. एक कोटीहून अधिक नावांची ही वही एक धर्मादाय स्वरूपाची संस्था २००३ पासून सांभाळीत आली आहे. जून २०१९ मध्ये या नावांच्या किमतीवरील मर्यादा उठविण्यात आली, आणि नोव्हेंबरात बातमी आली की ही सबंध वही एका खाजगी गुंतवणूक कंपनीस सुमारे ११३ कोटी डॉलरांस विकली जाणार! जगभरच्या संस्थांनी आक्षेप घेतला. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या महान्यायवादींनी 'आयकॅन'ला पत्र लिहून सार्वजनिक हिताची आठवण दिली. धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारा तो तेथील अधिकारी. आपल्याकडील धर्मादाय आयुक्ताचे काम तोच करितो. ३० एप्रिल २०२० रोजी 'आयकॅन'ने विक्रीस संमती नाकारली. १९९४ साली पोस्टेल यांनी जे लिहिले त्याचा बाजारात एकदा तरी जय झाला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

परंतु जगाच्या वहीची राखण करावयास महान्यायवादी आहेत. आपल्या देवस्थानाच्या नावाची राखण कोण करणार? आमच्या वकिलीत आलेले एक प्रकरण येथे सांगतो. एका देवस्थानाचे नाव एका उत्साही तरुण भक्ताने पदरच्या पैशाने, स्वतःच्या नावे नोंदविले. हेतू निर्मळ होता. पुढे तो परदेशी गेला, त्याचा ईमेल पत्ता बदलला, आणि मुदत संपत आल्याच्या सूचना कोणी न उघडलेल्या पेटीत पडून राहिल्या. नाव सुटले, तिऱ्हाइताने ते रीतसर घेतले आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती लाविल्या. भाविक मात्र देवाचे नाव म्हणून तेच उघडीत राहिले. समिती आमच्याकडे आली तेव्हा तिच्यापाशी एकही पावती नव्हती, कारण वहीत देवस्थानाचे नाव कधी चढलेच नव्हते. जे आपल्या नावे नव्हते ते आपलेच होते, हे सिद्ध करणे किती कठीण आहे याची कल्पना जमिनीच्या दाव्यात पडलेल्या कोणासही येईल.

असे होऊ नये म्हणून करावयाचे ते फार थोडे आहे. नोंदणीत धारक म्हणून देवस्थानाचे वा संस्थेचेच नाव असावे. मुखत्याराचे, पुजाऱ्याचे वा संकेतस्थळ बांधून देणाऱ्या कारागिराचे नसावे. संपर्काचा ईमेल पत्ता व्यक्तीचा नसून पदाचा असावा, आणि तो त्याच नावावर अवलंबून नसावा. कारण नाव गेले की तो पत्ताही जातो व सूचना मिळेनाशा होतात. 'कॉम' व 'ऑर्ग' या विभागांत मुदत संपण्यापूर्वी साधारण एक महिना व एक आठवडा अशा दोन सूचना येतात. मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी नाव जास्तीत जास्त ४५ दिवस ठेवू शकते, पण तशी ती बांधील नाही. तिने नाव रद्द केले तरी ३० दिवस ते जादा पैसे भरून सोडविता येते. त्यानंतर ५ दिवसांनी ते सर्वांस मोकळे होते. नाव एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येते, म्हणून दरवर्षीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. नाव एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्यासाठी जो सांकेतिक शब्द लागतो तो आणि खात्याची परवली, ही दोन्ही तिजोरीच्या किल्लीप्रमाणे एकाहून अधिक पदाधिकाऱ्यांच्या जोखमीत असावीत. मे २०१८ पासून खाजगीपणाच्या नियमांमुळे धारकाची माहिती बाहेरच्यास बहुधा दिसत नाही. म्हणून नाव खरोखर कोणाच्या नावे आहे हे समितीने आतून, कागद मागून पाहावे.

यापलीकडे एक सूचना आम्ही आग्रहाने करू. १९५०च्या कायद्यान्वये विश्वस्तांस देवाची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. परंतु ते बंधन स्थावरापुरते आहे. नाव स्थावर नाही. त्याच्या रक्षणास असा पहारेकरी कायद्याने नेमिलेला नाही. म्हणून तो पहारा महाजनांनी आणि सभासदांनी स्वतःच करावयाचा आहे. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा मालमत्तेच्या यादीत जमिनीच्या आणि दागिन्यांच्या ओळीखाली आणखी एक ओळ असावी: संस्थेचे डोमेन-नाव, कोणाच्या नावे, मुदत कोणत्या तारखेपर्यंत. नवी समिती सूत्रे हाती घेते त्या दिवशी दागिने मोजून घेतले जातात. त्यांबरोबर हेही घेतले जावे. ती एक ओळ लिहावयास कायद्याचे ज्ञान लागत नाही. आपण मालक नसून वहिवाटदार आहोत, एवढे स्मरण पुरे आहे.